थैली पाच कोटींची, करार पहिला

तासगावच्या बाजार समितीत बेदाण्याचा सौदा चालू असताना दहा मिनिटं उभं राहिलं, की भाव कसा ठरतो ते पुस्तकाविना कळतं. आडत दुकानासमोर बॉक्स फुटतो, माल ओतला जातो. व्यापारी मूठभर उचलतो, रंग बघतो, मणी दाबून ओल बघतो, एखादा तोंडात टाकतो. मग आकडे सुटतात, रुपया-दोन रुपयांनी चढतात आणि कुठंतरी थांबतात. बाजूला शेतकरी उभा असतो. वर्षभराची छाटणी, फवारणी, शेडवरची वाळवण, सगळं त्या एका आकड्यात आलेलं असतं. तरी त्याच्या हातात एक गोष्ट उरते. आकडा पटला नाही तर तो ‘नाही देत’ म्हणू शकतो. माल परत शीतगृहात जातो आणि पुढच्या सौद्याला येतो.

आता दुसरा सौदा बघू. तो मुंबईतल्या एखाद्या मोठ्या हॉटेलात होतो. बारा टेबलं, प्रत्येक टेबलावर एका संघाची माणसं, समोर पडद्यावर खेळाडूचं नाव. प्रो कबड्डी लीगचा हा लिलाव टीव्हीवर दिसतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात कोट्यवधींचे आकडे येतात. सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात ते आकडे जरा जास्तच मोठ्याने वाचले जातात, कारण ही मुलं आपल्या आसपासची आहेत. वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके पहिल्या हंगामांत दबंग दिल्लीचा हुकमी चढाईपटू होता. २०१४ साली इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात सांगलीचा नितीन मदने होता. जत्रेच्या मैदानावर चढाई करणाऱ्या पोराच्या बापाला त्यामुळे वाटतं, की आपल्याही पोराच्या नावापुढं एक दिवस असा आकडा लागेल.

लागेलही. पण तो आकडा कुठल्या चौकटीत लागतो आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत का लागत नाही, हे त्या बापाला सहसा कोणी सांगत नाही. ते सांगण्यासाठी हे प्रकरण.

चौकटीपासून सुरुवात करू. लीगमधल्या प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायला ठरावीक रक्कम मिळते. लिलावाच्या भाषेत तिला ‘पर्स’ म्हणतात, आपण थैली म्हणू. संघमालक कितीही श्रीमंत असो, थैली सगळ्यांची सारखी. २०१४ साली पहिल्या हंगामात ती ६० लाखांची होती. त्या लिलावात सर्वात महाग ठरलेल्या राकेश कुमारला पाटणा पायरेट्सने १२ लाख ८० हजार दिले. २०१७ मध्ये संघ बारा झाले आणि थैली चार कोटींवर गेली. पुढे ती ४ कोटी ४० लाख झाली आणि २०२३ च्या दहाव्या हंगामापासून पाच कोटी.

पाच कोटी ऐकायला मोठे वाटतात. जरा मांडून बघू. संघात किमान अठरा खेळाडू लागतात. लिलावात चार वर्ग असतात आणि प्रत्येक वर्गाची मूळ किंमत ठरलेली असते: ‘अ’ वर्ग ३० लाख, ‘ब’ २० लाख, ‘क’ १३ लाख, ‘ड’ ९ लाख. अठराही जण ‘अ’ वर्गातले घ्यायचे म्हटले, तर एकही बोली न चढता ५ कोटी ४० लाख होतात. म्हणजे फक्त पहिल्या प्रतीच्या मालाचा संघ बांधणं या नियमांत शक्यच नाही. कुणाला तरी कमी द्यावंच लागतं.

आणि एखाद्या ताऱ्यावर बोली चढली तर? दहाव्या हंगामात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. थैलीतली निम्म्याहून जास्त रक्कम एका माणसावर गेली. उरलेले २ कोटी ३९ लाख ५० हजार सतरा जणांत सारखे वाटले, तर प्रत्येकी जेमतेम १४ लाख येतात. ‘क’ वर्गाच्या मूळ किमतीपेक्षा एक लाख जास्त. त्या हंगामात टायटन्सने बावीसपैकी दोन सामने जिंकले आणि ते तळाला राहिले. पवनच्या खेळात खोट नव्हती. पण कबड्डी सात जणांनी खेळायची असते. कोपरे ढिले पडले की एकट्या चढाईपटूने आणलेले गुण समोरचा संघ लोण देऊन परत घेऊन जातो.

हा नियम ठेवण्यामागे विचार आहे आणि तो मला पटतो. थैलीला तोंड बांधलं नाही, तर सर्वात श्रीमंत मालक दरवर्षी सर्वात चांगले सात जण नेईल, सामन्यांचा निकाल आधीच कळेल आणि लोक टीव्ही बंद करतील. युरोपातल्या फुटबॉलमध्ये बराच काळ तसंच चाललं. जिथं पैशाला बांध घातला गेला, तिथं त्याचे चटकेही बसले. स्पॅनिश लीगच्या खर्चमर्यादेमुळे ऑगस्ट २०२१ मध्ये बार्सिलोनाला लिओनेल मेस्सीची नोंदणी करता आली नाही आणि त्याला क्लब सोडावा लागला. इंग्लंडमध्ये तर १९६१ पर्यंत मर्यादा संघावर नव्हती, थेट खेळाडूच्या पगारावर होती. कितीही मोठा खेळाडू असला तरी आठवड्याला जास्तीत जास्त २० पौंड. खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली तेव्हा ती उठली, आणि लगेच फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड मिळू लागले. वीस आणि शंभर यांच्यामधले ऐंशी पौंड इतकी वर्षं कुणाच्या खिशात जात होते, हा प्रश्न तेव्हाच्या खेळाडूंनी विचारला. या प्रकरणात आपल्यालाही तोच विचारायचा आहे.

थैलीचा नियम सर्वात बारकाईने राबवला जातो तो अमेरिकेत. तिथं फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या कोल्हापूरच्या तालमी खेळतात तो नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचं, फेकायचं, धडका द्यायच्या. नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, हिच्यात बत्तीस संघ आहेत. १९९४ मध्ये तिथं प्रत्येक संघाला ३ कोटी ४६ लाख डॉलरची मर्यादा लागू झाली. २०२५ साली ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. हा आकडा मालकांच्या मर्जीने ठरत नाही. लीगच्या एकूण उत्पन्नातला साधारण ४८ टक्के वाटा खेळाडूंचा, असा लेखी करार खेळाडूंची संघटना आणि मालक यांच्यात आहे. त्या वाट्यातूनच थैली निघते. उत्पन्न वाढलं की थैली आपोआप फुगते.

तिथं नवा खेळाडू येतो तो ‘ड्राफ्ट’मधून. आधीच्या वर्षी सर्वात मागे राहिलेल्या संघाने पहिला खेळाडू उचलायचा, विजेत्याने शेवटी. अशा सात फेऱ्या. ज्याने उचललं त्याच्याकडेच जायचं, दुसऱ्याशी बोलता येत नाही. करार चार वर्षांचा असतो आणि पगार कितव्या क्रमांकावर निवड झाली त्यावर आधीच बांधलेला असतो. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचव्या वर्षासाठी ठेवून घ्यायचा हक्कही संघाकडे असतो. पोरगा पहिल्याच वर्षी अख्ख्या लीगमध्ये गाजला तरी तीन हंगाम पूर्ण होईपर्यंत कराराला हात लावता येत नाही.

हे आधी असं नव्हतं. २०१० च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला. त्यातले ५ कोटी हमीचे होते. पुढच्याच वर्षी मालक आणि खेळाडूंच्या संघटनेत नवा करार झाला, आणि २०११ मध्ये त्याच पहिल्या क्रमांकावर आलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी २ कोटी २० लाख डॉलर मिळाले. वर्षाच्या हिशेबाने १ कोटी ३० लाखांवरून ५५ लाखांवर. मालकांचं म्हणणं होतं, की मैदानावर पाऊलही न टाकलेल्या पोराला एवढे पैसे देणं हा जुगार आहे. जुन्या खेळाडूंनाही वाटत होतं, की नव्यांचे वाचलेले पैसे आपल्याकडे येतील. दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर असतील. पण ज्यांचा पगार कापला गेला ती मुलं त्या वेळी कॉलेजात होती. वाटाघाटीच्या टेबलाशी त्यांना खुर्चीच नव्हती. नवख्यांच्या करारांविषयी मला सर्वात जास्त खटकतं ते हे.

अमेरिकेतली आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या द्राक्षवाल्याला चटकन कळेल. तिथं सही करताना खेळाडूला एकरकमी पैसे मिळतात, पण थैलीच्या हिशेबात ते जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरता येतात. बागेच्या मांडवाचं तसंच असतं. लोखंड, तारा, मजुरी यांचा पैसा एकदाच जातो, पण शेतकरी मनात तो दहा-पंधरा पिकांवर पसरून धरतो. आणि तिसऱ्या वर्षी बाग उपटावी लागली तर? उरलेला सगळा खर्च एकदम अंगावर येतो. समजा, संघाने चार वर्षांच्या करारावर सही करताना २ कोटी डॉलर दिले. हिशेबात दरवर्षी ५० लाख पडले. दोन वर्षांनी खेळाडूला सोडलं, तर उरलेले १ कोटी थैलीतून वजा होतात, आणि त्या बदल्यात मैदानावर कोणीच नसतं. तिकडचे लोक याला ‘डेड मनी’ म्हणतात. मोठ्या खेळाडूबरोबर हा धोका मोठा. नवख्याबरोबर तो नगण्य. म्हणून नवखा संघाला दुहेरी स्वस्त पडतो, ठेवायलाही आणि सोडायलाही.

या स्वस्ताईचं सर्वात ठळक उदाहरण म्हणजे ब्रॉक पर्डी. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये २६२ जण निवडले गेले आणि तो शेवटचा, २६२ वा होता. २०२३ च्या हंगामात सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात तो क्वार्टरबॅकच्या जागी खेळत होता. ती संघातली सर्वात महत्त्वाची आणि सर्वात महाग जागा. त्या सुमाराला मोठ्या नावाच्या क्वार्टरबॅकचे करार वर्षाला ५ कोटी डॉलरच्या पुढे गेले होते. पर्डीचा मूळ पगार होता ८ लाख ७० हजार डॉलर. त्या वर्षीची थैली २२ कोटी ४८ लाखांची. म्हणजे हजार रुपयांच्या बाजारात चार रुपयांना सगळ्यात महागाची वस्तू मिळाल्यासारखं. वाचलेल्या पैशांत संघाने बाकीच्या जागा भक्कम केल्या आणि ११ फेब्रुवारी २०२४ रोजी अंतिम सामना गाठला. तो सामना जादा वेळेत हातातून गेला. २०२५ मध्ये पर्डीला पाच वर्षांसाठी २६ कोटी ५० लाख डॉलरचा करार मिळाला, पण मधल्या वर्षांची भरपाई कोणत्याही करारात नसते.

त्या सामन्यानंतर एकोणीस दिवसांनी, १ मार्च २०२४ ला, हैदराबादमध्ये पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून प्रो कबड्डीचं आपलं पहिलं विजेतेपद मिळवलं. खेळ वेगळा, देश वेगळा, पैशाचं गणित मात्र जुळं.

पलटणने त्या हंगामासाठी इराणच्या मोहम्मदरझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं होतं. थैलीचा ४७ टक्के भाग. टायटन्सने पवनवर ५२ टक्के घातले आणि ते तळाला गेले, पलटणने शादलूवर ४७ टक्के घातले आणि ते अव्वल ठरले. दोघांनीही निम्मी थैली एका खेळाडूवर ओतली, मग फरक कशात पडला? उरलेल्या निम्म्यात काय आलं, त्यात. पलटणने आधीच्या दोन-तीन वर्षांत कोवळी मुलं गोळा केली होती आणि धरून ठेवली होती. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार २०२१-२२ च्या आठव्या हंगामात नवखा म्हणून आला. मोहित गोयत त्याच हंगामातला. नाशिककडचा आकाश शिंदे, पंकज मोहिते, संकेत सावंत, अभिनेष नादराजन, गौरव खत्री ही सगळी नावं तेव्हा लिलावात कोटींना गेलेली नव्हती. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये अस्लम आणि आकाश हांगचौच्या आशियाई स्पर्धेतून सुवर्णपदक घेऊन आले होते. दहाव्या हंगामात अस्लम कर्णधार होता आणि लीगमधला सर्वात मौल्यवान खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली. शादलूने पकडींचे ९९ गुण मिळवले, हे खरंच. पण त्याच्यावर २ कोटी ३५ लाख घालायची ऐपत संघाकडे आली ती या मुलांमुळे.

ही मुलं कमी पैशांत संघाकडे राहतात कशी, हे आता बघू. प्रो कबड्डीत नव्या मुलांसाठी ‘न्यू यंग प्लेअर’ हा वेगळा दरवाजा आहे. मुलांच्या तोंडी ‘एनवायपी’. सुरुवातीच्या काळात लीगने ‘फ्यूचर कबड्डी हीरोज’ या नावाने देशभर चाचण्या घेतल्या, आणि त्यातून निवडलेली मुलं संघांनी पाळीपाळीने उचलली. या दरवाजातून आलेला मुलगा लिलावाच्या टेबलावर जात नाही, त्यामुळे त्याच्यासाठी दोन संघ भिडत नाहीत आणि आकडा चढत नाही. मानधन ठरलेलं असतं. खेळ चांगला झाला, तर संघ त्याला पुढच्या हंगामासाठी ‘राखलेला तरुण खेळाडू’ या यादीत ठेवतो. त्यापुढची पायरी ‘एलिट’ म्हणून राखलेल्यांची. एनवायपी ते एलिट हा प्रवास संघाच्या यादीतल्या यादीत होतो. मुलाचा खुल्या बाजाराशी संबंध येतो तो संघाने त्याला सोडल्यावरच.

खुल्या बाजारातही जुन्या संघाच्या हातात एक पत्ता असतो, ‘फायनल बिड मॅच’ कार्ड. दुसऱ्या संघाची बोली जिंकली, की जुना संघ हे कार्ड दाखवून म्हणू शकतो, तेवढेच पैसे आम्ही देतो, खेळाडू आमचाच. खेळाडूला भाव मिळतो, पण कुठं खेळायचं ते त्याच्या हातात राहत नाही.

मुलगा नवखा असूनही थेट लिलावातून आला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं आहे. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई. २०१८ च्या सहाव्या हंगामासाठी यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले. त्याच लिलावात सहा खेळाडूंना कोटी किंवा त्याहून जास्त मिळाले होते, सर्वात महाग मोनू गोयत १ कोटी ५१ लाखांना. सिद्धार्थच्या एका गुणामागे यू मुंबाचे सुमारे सोळा हजार सातशे रुपये पडले. असा सौदा कोणाही मालकाला हवाच असेल.

२०१९ मध्ये यू मुंबाने त्याला राखलं नाही आणि तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांना नेलं. तेव्हाची थैली ४ कोटी ४० लाखांची, म्हणजे तिसरा हिस्सा एकट्यावर. सिद्धार्थने तिथंही दोनशेच्या वर गुण मिळवले. तरी टायटन्स बारा संघांत अकरावे आले. त्याला सोडून दिलेली यू मुंबा मात्र उपांत्य फेरीत पोहोचली. त्या वेळी अनेकांनी ‘मुंबाने हिरा घालवला’ म्हटलं. माझ्या मते थैलीच्या नियमात त्यांचं चुकलं नव्हतं. हिरा ३६ लाखांत हातात होता तेव्हा तो त्यांनी पुरेपूर वापरला होता.

पण मला सिद्धार्थच्या बाजूने बघायचं आहे. आठव्या हंगामात १ कोटी ३० लाख मिळाले, पण दुखापतीने तीन सामन्यांतच त्याला बाहेर बसवलं. दहाव्या हंगामात हरियाणाने १ कोटीला घेतलं. अकराव्या हंगामात, २०२४ मध्ये, दबंग दिल्लीने त्याला घेतलं तेव्हा आकडा २६ लाख होता. पहिल्या कराराहूनही कमी. सहा वर्षांत आलेख चढला आणि उतरला. चढाईपटूचं शरीर म्हणजे गुडघा आणि खांदा. पाच-सहा जण एकाच्या पायावर पडतात, आणि तेही हंगामभर, दोन-तीन दिवसांआड. या खेळात सर्वोत्तम वर्षं चार-पाच असतात, त्यातली पहिली दोन-तीन ठरीव मानधनात गेली, तर पूर्ण भावाने खेळायला किती उरली?

द्राक्षाची नवी बाग लावली तर पहिलं पीक यायला दीड-दोन वर्षं जातात. तोपर्यंत बाग खाते, देत नाही. नवा खेळाडू तसाच असेल, शिकायला वेळ लागेल, असं धरून नवख्यांचे करार लिहिलेले असतात. काही जणांबाबत ते खरंही ठरतं. पण कबड्डीत उलटंही वारंवार दिसलं आहे. नवव्या हंगामात तमिळ थलैवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाख ५० हजारांना घेतलं, ४ कोटी ४० लाखांच्या थैलीतून. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि हंगाम संपला. निम्मी थैली बाकावर बसली. त्या वर्षी संघ ओढून नेला तो नरेंदर कंडोला या एनवायपी मुलाने. पहिल्याच हंगामात चढाईचे २४३ गुण, आणि थलैवाज पहिल्यांदा उपांत्य फेरीत. इथं बागेने लावल्याच्या वर्षी पीक दिलं. मानधन मात्र रोपाचंच राहिलं.

नवख्यांचा करार असावा की नसावा, यावर माझं मत सरळ आहे. असावा. नाहीतर चाचणीला आलेल्या शंभर पोरांतल्या नव्वदांना दारही उघडणार नाही. पलटणसारखा संघ तरुणांवर वर्षभर मेहनत घेतो, युवा संघ चालवतो, त्याचं फळ त्याला काही काळ मिळायला हवं. पण मुदत आखूड हवी, आणि कामगिरीप्रमाणे मानधन चढेल अशी पायरी करारातच हवी. अमेरिकेत तशी थोडी सोय आहे. ठरलेल्यापेक्षा जास्त खेळलेल्या कमी पगाराच्या खेळाडूंना लीगच्या वेगळ्या निधीतून हंगामाअखेर रक्कम मिळते. ती थैलीतून कापली जात नाही, म्हणून संघाचंही बिघडत नाही. आपल्याकडे हे आणायला फार मोठी क्रांती लागत नाही.

मोठा फरक दुसरीकडे आहे. २०२१ मध्ये प्रो कबड्डीचे पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क सुमारे ९०८ कोटींना गेले, म्हणजे हंगामाला १८० कोटींच्या वर. बारा संघांच्या थैल्या मिळून होतात ६० कोटी. संघ चालवायला प्रवास, सराव, प्रशिक्षक असा पुष्कळ खर्च असतो, त्यामुळे उरलेलं सगळं मालकांच्या घरी जातं असं मी म्हणणार नाही. पण एनएफएलमध्ये खेळाडूंचा वाटा टक्क्यांत लिहिलेला आहे, तसा इथं नाही. थैली किती, हे लीग सांगते. टक्का लिहिला, की थैली प्रक्षेपणाच्या पैशाबरोबर वाढते आणि एनवायपीचं ताटही थोडं भरतं.

आता त्या जत्रेच्या मैदानाकडे परत येऊ. समजा, सावळज किंवा मणेराजुरीचा एकोणीस वर्षांचा मुलगा चाचणीत निवडला गेला. संध्याकाळी कागद घेऊन घरी आला. करार इंग्रजीत आहे. आई चुलीपाशी, बाप शेडवरून नुकताच परतलेला.

“अण्णा, उद्या सही करायची हाय.”

“किती वर्सांसाठी?”

“ते लिव्हलंय की आत.”

अण्णांचा पहिलाच प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर आतल्या कलमांत शोधावंच लागेल. सही एका हंगामाची आहे की पुढच्या हंगामांत राखायचा हक्क संघाकडे आहे? राखलं तर मानधन किती वाढेल, की संघाच्या मर्जीवर? पैसे एकदम की हप्त्यांत, आणि हप्ता कशावर अवलंबून? सराव शिबिरात पाय मोडला तर शस्त्रक्रिया कोणाच्या खर्चाने, आणि त्या हंगामाचे पैसे पूर्ण मिळणार का? हंगामाबाहेर दुसऱ्या स्पर्धेत, गावच्या मंडळातर्फे खेळायची मुभा आहे का? मधल्या माणसाने निवडीसाठी मदत केली असेल, तर त्याचा टक्का लेखी आहे का? आणि रेल्वे, पोलीस किंवा एखाद्या कंपनीची खेळाडू कोट्यातली नोकरी समोर असेल, तर लीगच्या काळात तिची रजा मिळेल का? लीगचा हंगाम वर्षातले काही महिने चालतो. बाकीचे महिने महाराष्ट्रातल्या कबड्डीपटूंची घरं अशाच नोकऱ्यांनी चालवली आहेत.

करार मराठीत समजावून घ्यायला तासगावच्या कोर्टात वकील आहेत. एक दिवस जाईल, थोडी फी जाईल. सौद्याच्या दिवशी माल ओतायच्या आधी वजनकाट्यावर लक्ष ठेवणारा अण्णा हा दिवसही काढेल. मुलाला मात्र ‘उद्याच सही कर, नाहीतर दुसरा उभा आहे’ असं सांगितलेलं असेल. तेवढा एक दिवस मागून घ्यायला त्या रात्री अण्णांनी त्याच्याबरोबर फोनवर बसावं.